सोनेरी पट्टीची कॅसेट

इंद्रायणीताईंना भेटेपर्यंत माझी समजूत होती की सूड घ्यायला अंगात रग लागते. ताईंच्या अंगात रग कसली? गुडघे धड नाहीत, जिना उतरताना कठडा धरून थांबत थांबत उतरतात, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. पण त्यांच्याइतका मुरलेला सूड मी दुसरा पाहिलेला नाही. आणि तो मला फार आवडला, हेही आधीच सांगून टाकते. ज्यांना क्षमेबिमेचं कौतुक आहे त्यांनी इथेच थांबावं.

आमची ओळख भिंतीने करून दिली. माझा नवरा नंदकुमार केंद्र सरकारच्या नोकरीत. या नोकरीने आम्हाला भोपाळ, गुवाहाटी असं हिंडवून शेवटी चंडीगडला आणून टाकलं. हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये सामान लागतंय न लागतंय तोच पहिल्या गुरुवारी दुपारी शेजारच्या भिंतीतून एक पुरुष ओरडायला लागला. ओरडतोय की गातोय तेच कळेना. साथीला एकच गिटार, तीही कुणी फरशीवरून फरफटत नेल्यासारखी, आणि त्या सगळ्यावर मोहरी तडतडावी तशी तडतड. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. माझं डोकं उठलं. तरातरा गेले आणि बेल दाबली.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत खुर्चीत एक पांढऱ्या केसांच्या बाई रेकॉर्ड लावून डोळे मिटून बसल्या होत्या आणि पायाने ठेका धरत होत्या. भिंतीतून जसं मला त्यांचं ऐकू येत होतं तसं त्यांनाही आमचं येत असणार, कारण डोळे न उघडताच त्या मराठीत म्हणाल्या, "आत तरी या, नाही तं दार तरी लावा. वाऱ्यानं सुई हालते."

मी भांडायला गेले होते. बाहेर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि घरी कुकर लावायचा राहिला होता.

त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. तो गाणारा माणूस अमेरिकेतल्या कापसाच्या मुलखातला, मरूनही कित्येक वर्षं झालेला. या गाण्यांना ब्लूज म्हणतात एवढं मला ऐकून माहीत होतं. दुःखी गाणी असतात, असंही कुठेतरी वाचलं होतं. ते मी बोलून दाखवलं आणि ताई भडकल्या.

"रडगाणं म्हणता याले? नीट ऐका. पहिल्या ओळीत तो सांगते का माझ्यासंग असं असं झालं. दुसऱ्या ओळीत तेच सांगते, कारण पहिल्या वेळेस कोणी ऐकतच नाही. अन् तिसऱ्या ओळीत..." त्यांनी बोट वर केलं. गिटारच्या तारेवरून काहीतरी काचेचं घसरत वर गेलं, माणसाचा आवाज खाली उतरला आणि त्याने शांतपणे काहीतरी सांगितलं. "तिसऱ्या ओळीत तो पाहून घेते."

"तुम्हाला शब्द कळतात?"

"अर्धे कळते, अर्धे नाही कळत. पण त्याच्यासंग कोणी काय केलं, ते कळते."

ताई वऱ्हाडातल्या, दर्यापूरकडच्या. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. कापूस वेचणाऱ्या माणसाचा आवाज दुपारनंतर कसा सुकत जातो हे त्यांना लहानपणापासून पाठ, त्यामुळे सातासमुद्रापलीकडचा हा माणूस त्यांना परका वाटलाच नाही. तो कुठे श्वास घेतो, कुठे मुद्दाम शब्द गिळतो, कुठे ठेका अर्धा टाकून पुढे पळतो, हे त्या मला दाखवत राहिल्या. ठेका चुकला असं मला वाटायचं तिथे त्या हसायच्या. "चुकत नाही तो. तो कोणासाठी थांबत नाही." हळूहळू मलाही ते ऐकू येऊ लागलं. आता तासून पुसून गुळगुळीत केलेलं गाणं ऐकलं की मला संशय येतो, यांनी काय लपवलंय?

हे सगळं घरात आलं ते एका ट्रंकेतून. ताईंचे यजमान गुरुनाथ एका सरकारी उपकरण-संस्थेत तंत्रज्ञ होते. शेजारचे एक पंजाबी प्रोफेसर सगळं आवरून मुलाकडे कॅनडाला निघाले. इथे निम्मं शहर कधी ना कधी कॅनडाला निघतंच. गुरुनाथांनी त्यांचा रेकॉर्ड प्लेअर एकदा दुरुस्त करून दिला होता, म्हणून प्रोफेसरांनी जाताना तो प्लेअर आणि रेकॉर्डची ट्रंक यांच्या दारात ठेवली. त्यात हे जुने ब्लूज होते आणि तळाशी आणखी काही विचित्र रेकॉर्ड होत्या. ताई त्यांना "प्रयोगवाले" म्हणतात. म्हणजे गाणं गावाकडचंच, शंभर वर्षांचं, पण ते म्हणणारी बाई गातेय आणि मागे कुणी पत्र्यावर गज घासतंय. एका रेकॉर्डच्या आख्ख्या बाजूला फाटकाची करकर आहे आणि तिच्यात मधूनच एक अंगाई येते नि जाते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं थट्टा चालली आहे. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. ती अंगाई एरवी मला गोड वाटली असती. फाटकामुळे कळलं की बाळाचा बाप अजून घरी आलेला नाही.

गुरुनाथ नुसतं ऐकून गप्प बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी इंडस्ट्रियल एरियातल्या भंगारातून तुपाचा पत्र्याचा डबा आणला, त्याला लाकडी दांडा बसवला, तीन तारा ओढल्या. औषधाच्या बाटलीची मान कापून, घासून बोटात घातली. आणि त्या डब्यावर ते ताईंच्या तोंडची भुलाबाईची गाणी वाजवायला लागले. वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत पोरी घरोघर जाऊन ही गाणी म्हणतात, टाळ्या पिटत, भराभर. गुरुनाथांनी ताईंना तीच गाणी निम्म्या गतीने म्हणायला लावली. आणि बघतात तर काय, आत सगळं सासूविषयीचं गाऱ्हाणं, तीच ओळ दोनदा, मग टोमणा. दर्यापूरच्या पोरी पिढ्यान् पिढ्या ब्लूज गात होत्या आणि खिरापत खाऊन घरी जात होत्या, असं ते म्हणायचे.

तंबोरा नव्हता. खिडकीतला कूलर चालू केला की तो एका सुरात घुमायचा, तोच तंबोरा. वीज गेली की मैफल बंद.

या मैफलीत तिसरी होती चिन्मयी. कर्नल हर्षवर्धन मोहोळकरांची बायको. कर्नल तेव्हा चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत होते, निवृत्तीला आले होते आणि आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्षही होते. अध्यक्षपद त्यांनी पुढेही सोडलं नाही. कुणी हिंमतच केली नाही मागायची. चिन्मयी लग्नाआधी उत्तम गायची. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मेसमधल्या कुणीतरी तिला गाण्याचा आग्रह केला. घरी आल्यावर कर्नल म्हणाले, "आपल्या घरच्या बायका गाणं ऐकतात, गात नाहीत." झालं. एवढ्या एका वाक्यावर तिने तोंड मिटलं. मला त्या वाक्याचाही राग येतो आणि तिच्या मिटण्याचाही.

मंडळाच्या हळदीकुंकवात तिची नि ताईंची गाठ पडली. मग दर गुरुवारी ती स्वेटर विणायला म्हणून ताईंकडे यायची आणि गायची. तो स्वेटर कधी पुरा झाला नाही, आणि कर्नलसाहेबांनी कधी विचारलंही नाही.

एका उन्हाळ्यात गुरुनाथांनी आपल्या तिघांचं एका कॅसेटवर ध्वनिमुद्रण केलं. दोन्ही बाजू भरल्या. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकचे दोन चिमुकले चौकोन असतात. ते मोडून टाकले की तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही, मशीनचं बटणच दाबलं जात नाही. गुरुनाथांनी ते दोन्ही स्क्रू-ड्रायव्हरने मोडले आणि कॅसेटवर "भुलाबाई" असं लिहिलं. दुसरी प्रत काढू काढू म्हणत होते. त्या हिवाळ्यात, पौषात, ऑफिसात टेबलावरच त्यांचं हृदय थांबलं.

ताईंना त्यांच्याच संस्थेत अनुकंपेवर नोकरी मिळाली. घरी आल्या की त्या कॅसेट लावायच्या. रोज. नवऱ्याच्या हाताचा आवाज तेवढाच उरला होता.

आता मुद्द्याचं. आमचं मंडळ म्हणजे बदलीवर आलेल्या माणसांचं. आज आहेत, उद्या नाहीत, त्यामुळे मंडळाच्या मालकीचं असं काही नसतं. गणपतीत प्रत्येक घरातून काहीतरी येतं. कुणाची सतरंजी, कुणाचा मोठा कुकर, कुणाचं इस्त्रीचं टेबल मखरासाठी. टेपरेकॉर्डर दर वर्षी गुरुनाथांचा. त्या वर्षी कर्नलनी पाठवलेला जवान तो न्यायला आला. ताईंनी वायर गुंडाळून मशीन त्याच्या हातात दिलं. रोज ऐकत होत्या म्हणून कॅसेट आतच होती, आणि रोज ऐकत होत्या म्हणूनच ती आत आहे हे लक्षात आलं नाही.

लक्षात आलं तेव्हा जवान निघून गेला होता. सासरच्या रीतीप्रमाणे वर्ष व्हायच्या आत गणपतीपुढे जायचं नव्हतं. त्यांनी शेजाऱ्यांकडून कर्नलना फोन केला. आत कॅसेट आहे, तेवढी काढून ठेवा, त्यात यांचं वाजवणं आहे. कर्नल म्हणाले, "हां हां, पक्का. काळजी करू नका." ही पहिली ओळ झाली.

दुसऱ्या दिवशी कर्नलना आपलं अध्यक्षीय भाषण टेप करून ठेवायची हुक्की आली. रिकामी कॅसेट आणायची राहिली होती. त्यांनी मशीनमधली मागे गुंडाळली, जरा वाजवून पाहिली. "हे काय रडगाणं आहे?" म्हणाले. लोक हसले. रेकॉर्डचं बटण दाबेना. कुणीतरी सांगितलं की चौकोन मोडलेत, म्हणजे जपून ठेवलेली दिसते. कर्नल म्हणाले, "फौजेत काही अडत नाही, यार." मखराला लावायची सोनेरी चिकटपट्टी पडली होती. तिचे दोन तुकडे फाडून त्यांनी त्या खाचांवर चिकटवले आणि बटण दाबलं. चिन्मयी तिथेच होती, आरतीचं तबक घेऊन. तिने सगळं पाहिलं. बोलली असती तर दर गुरुवारी आपण काय करतो हेही सांगावं लागलं असतं. ती बोलली नाही.

गणपतीचं विसर्जन झालं. मशीन परत आलं, वर प्रसादाचा पुडा. ताईंनी बटण दाबलं. कूलरची घरघर, गुरुनाथांचा आवाज, एक हसू, डब्याच्या तारेवर काच घसरली, आणि खट्. "माननीय सभासद बंधुभगिनींनो!" पुढे आपली संस्कृती, आपली लोकगीतं, ती कशी जतन केली पाहिजेत. लोकगीतं पुसून त्यांच्यावर लोकगीतं जपायचं भाषण! भाषण लांबलं, त्यामागून बक्षीस समारंभ, मग आभारप्रदर्शन. दोन्ही बाजू संपल्या.

ताई दोन बसेस बदलून चंडीमंदिरला गेल्या. बंगल्याच्या व्हरांड्यात उभ्या राहून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, यांचं वाजवणं होतं त्यात, मी तुम्हाला फोन केला होता. कर्नल पेपरमधून डोकं काढून म्हणाले, "अहो वहिनी, कॅसेटच ती. बाजारात मिळते. दुसरी घ्या." आणि दुसऱ्या दिवशी जवानाच्या हाती खरोखरच एक नवी कोरी कॅसेट पाठवून दिली. वरचा चकचकीत कागदसुद्धा न काढलेली.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला कप आदळला होता. ताई मात्र शांत होत्या. "दोन ओळी झाल्या," म्हणाल्या. "तिसरीची घाई नसते."

घाई त्यांनी खरंच केली नाही. निवृत्त झाल्यावर भाऊ दर्यापूरला बोलावत होता, गेल्या नाहीत. कर्नल निवृत्तीनंतर शेजारच्या पंचकुल्यात बंगला बांधून इथेच राहिले, म्हणून ताईही राहिल्या. त्यांनी हे मला स्पष्ट सांगितलं आहे. दर वर्षी गणपतीत त्या पहिल्या रांगेत बसायच्या आणि अध्यक्षीय भाषण संपेपर्यंत कर्नलच्या तोंडाकडे बघत राहायच्या. एकदा कर्नलनी कौतुकाने विचारलं, "वहिनी, तुम्ही फार मन लावून ऐकता!" ताई म्हणाल्या, "आवाज ओळखीचा आहे न जी."

चिन्मयीलाही त्यांनी सहजासहजी सोडलं नाही. तिने रडत रडत तबकाची गोष्ट सांगितली तेव्हा ताईंनी दार लावून घेतलं, आणि ते पुढच्या वर्षीच्या भुलाबाईपर्यंत उघडलं नाही. मग गुरुवार पुन्हा सुरू झाले. पण गायचं कुणी नाही. दोघी नुसत्या रेकॉर्ड ऐकायच्या. मी आले तेव्हा हीच रीत चालू होती (माझ्या पहिल्या गुरुवारी तेवढ्या चिन्मयीताई आल्या नव्हत्या), आणि मी तिसऱ्या खुर्चीत बसायला लागले. चिन्मयीताई बारीक आवाजात बोलायच्या, उठताना पदर सावरायच्या, आणि एखाद्या जागेवर गाणाऱ्याने मुद्दाम ठेका सोडला की त्यांची मान नेमकी हलायची. बाकी त्यांच्याविषयी मला फार माहीत नाही.

गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या. शेवटी हॉस्पिटलमध्ये त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "माझं गाणं इंद्रायणीकडे आहे. जाऊन ऐका." बस, एवढंच. त्यांची तिसरी ओळ ती होती, असं मी समजते.

पौषात गुरुनाथांची तिथी आली. ताई फक्त त्याच दिवशी ती कॅसेट लावतात, वर्षातून एकदाच, सुरुवातीच्या त्या एवढ्याशा तुकड्यासाठी. जुनी पट्टी, दर वेळी थोडी झिजते. मी कितीदा म्हटलं की ताई, फोनवर घेऊ, कॉम्प्युटरवर घालू, कायमचं राहील. त्या म्हणाल्या, "मग कोणीही मागन, कोणालाही भेटन. नाही." यंदाच्या तिथीला त्यांनी ती लावलीच नाही. का, ते मला कळलं नाही.

कळलं मार्चमध्ये. गुरुवारच होता. बेल वाजली आणि दारात कर्नलसाहेब. आता ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, ब्लेझरवर कसलीशी पट्टी. जिन्याने दम लागला होता. ताईंनी त्यांना चिन्मयीताईंच्या खुर्चीत बसवलं. मी पाणी दिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "चिन्मयीने जाताना सांगितलं, तिचं गाणं तुमच्याकडे आहे. मला माहीतच नव्हतं ती गात होती."

"तुम्हाले मालूम होतं. तुम्हीच बंद केलं."

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले की वर्षश्राद्धाला मुलगी ऋचा टोरांटोहून येणार आहे, तिलाही ऐकायचं आहे. घरात फोनवर व्हिडिओ आहेत चिन्मयीचे, पण त्यात ती फक्त "पुरे आता, बंद करा" एवढंच म्हणते. माझ्यात किंचितही दया नव्हती, आणि ताईंच्या चेहऱ्यावरही काही दिसेना. त्या उठल्या, आतून कॅसेट घेऊन आल्या आणि कर्नलच्या हातात दिली.

"पाहून घ्या. हेच हवं होतं न?"

"भुलाबाई" ही अक्षरं फिकट झाली होती. पाठीवरची सोनेरी पट्टी मात्र अजून चमकत होती. कर्नलनी तिच्यावरून अंगठा फिरवला. त्यांना काही आठवलं नाही. ताईंनी कॅसेट परत घेतली, मशीनमध्ये घातली, बटण दाबलं.

कूलर घुमायला लागला. इतकी वर्षं झाली तरी पुढच्या खोलीत आत्ता चालू असावा असा. एक पुरुष म्हणाला, "हं, चालू." डब्याच्या तारेवर काच घसरत वर गेली, आणि एक बाई खळखळून हसली. "थांबा हो, मला हसूच येतंय!" हसणं आवरत आवरत तिने एक सूर लावला, खालचा, जाडसर, मोठ्या ताकदीचा. मी त्या बाईंना ओळखत होते असं मला वाटत होतं. त्या आवाजाची बाई मी कधी पाहिलेली नव्हती.

खट्.

"माननीय सभासद बंधुभगिनींनो!"

कर्नल पुढे वाकले होते ते तसेच राहिले. स्वतःचा आवाज ओळखायला माणसाला जरा वेळ लागतो. ताईंनी मशीन बंद केलं नाही. संस्कृती झाली, लोकगीतं झाली, जतन झालं. मग कर्नलनी कॅसेटच्या खिडकीकडे, आतल्या सोनेरी पट्टीकडे पाहिलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की आत्ता आठवलं.

"हे मी तेव्हा ऐकलं होतं," ते म्हणाले. "बटण दाबायच्या आधी. ही ती होती?"

"होय जी."

"मी ओळखलं नाही."

"तुमच्या मागंच उभी होती. तबक घेऊन."

बराच वेळ मशीनमधले कर्नल बोलत राहिले आणि खुर्चीतले गप्प बसले. मग म्हणाले, "ती अशी हसायची?" त्यांनी घाईघाईने खिशातून फोन काढला. "वहिनी, एकदा मागे घ्या. फक्त तेवढंच रेकॉर्ड करतो. एकदाच, प्लीज."

"नाही."

"वहिनी, तुम्ही म्हणाल ते..."

"वर्षातून एकदाच वाजवतो आम्ही. यंदाची मी पौषात ऐकली नाही, तुमच्यासाठी ठेवली होती. ती झाली. आता पुढच्या पौषात, यांच्या तिथीले." ताईंनी भाषण बंद केलं, कॅसेट काढून पदराखाली धरली. "अन् फोन खिशात ठेवूनच या."

मग त्यांनी कपाटाचं दार उघडलं आणि दुसरी कॅसेट काढली. नवी कोरी, वरचा कागद पिवळा पडलेला पण कुठेही न फाटलेला. ती त्यांनी कर्नलच्या मांडीवर ठेवली.

"दुसरी घ्या," ताई म्हणाल्या.

कर्नल ती घेऊन जिना उतरले. मी बाल्कनीत जाऊन पाहिलं. गाडीत बसले, पण गाडी सुरू करेनात. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, वर्षानुवर्षं अडकलेला घास खाली उतरावा तसं वाटलं, आणि तो घास माझा नव्हताच. आत आले तर ताई रडत होत्या. पुढच्या पौषापर्यंत त्यांनाही गुरुनाथ ऐकू येणार नव्हते. माझ्या ते तोवर लक्षातच आलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर म्हणाल्या, "राहू द्या. महाग पडलं, पण वाजलं मस्त."

गोष्ट इथे संपली असं मी धरून चालले होते. पुढच्या गुरुवारी दुपारी पुन्हा बेल वाजली. कर्नलसाहेब. ताईंनी दार उघडलं, हाकललं नाही, चहासुद्धा टाकायला सांगितला. मग कॅसेट आणली, तो हसण्याचा तुकडा ओलांडून आतूनच पुढे गुंडाळलेली, आणि लावली. "माननीय सभासद बंधुभगिनींनो!" पहिली बाजू पूर्ण. मग उलटी करून दुसरी बाजू, बक्षीस समारंभ नि आभारप्रदर्शनासकट. मला वाटलं म्हातारा उठून जाईल. तो हललासुद्धा नाही. नमस्कार करून गेला आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी परत आला.

आता दर गुरुवारी येतो. पौष अजून लांब आहे आणि त्याचं वय मी सांगितलंच. चिन्मयीताईंच्या खुर्चीत काठी मांडीवर ठेवून बसतो आणि स्वतःचं भाषण कान देऊन ऐकतो. एवढं काय ऐकता, असं शेवटी मीच त्याला विचारलं. माझ्या विचारण्यात टोमणा होता.

"ती तिथेच उभी होती ना," तो म्हणाला. "कुठेतरी खोकली असेल. बांगड्या वाजल्या असतील. पण मी मध्ये कुठे थांबतच नाही हो. मी जरा थांबलो असतो तर..."

ताई उठल्या, मशीनपाशी गेल्या आणि त्यांनी भाषणाचा आवाज आणखी वाढवला.